परदेशात लॅपटॉपसाठी प्रीपेड इंटरनेट: ईसिम, तिथलं सिम, डोंगल की आपलंच रोमिंग?

पाऊसवेडी

नमस्कार मंडळी. मे अखेरीस आई-बाबांना घेऊन युरोपला जातेय. टूर कंपनीबरोबर, त्यामुळे ठरलेला मार्ग: पॅरिस, मग स्वित्झर्लंड, जाताजाता वाडुझला पाय लावायचे (लिश्टेनस्टाइन हा अख्खा देश तासाभरात उरकतात म्हणे), शेवटी इटली.

घोडं पेंड खातंय ते सुट्टीपाशी. पूर्ण मिळाली नाही, लॅपटॉप न्यावाच लागणार. उन्हाळ्यात तिथला आणि आपला फरक साडेतीन तासांचा. मी सकाळी सहा ते आठ काम केलं की पुण्यात साडेनऊ ते साडेअकरा होतात. साहेब खूश, आणि आठनंतर मी बसमध्ये बसायला मोकळी.

लागणार काय तर ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं), रोज एखादी व्हिडिओ मीटिंग, मेल आणि एक्सेलच्या अगडबंब फायली. फोन अँड्रॉइड आहे, त्यात ईसिम (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम) चालतं. कपाटात लॅपटॉपला खोचून नेट मिळवायचा एक जुना डोंगलही सापडला. आई-बाबांना व्हॉट्सअॅपपुरतं मिळालं तरी पुरे. पोस्टपेड नको, परत आल्यावर बिल बघायची हिंमत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टिवल्या

डोंगल कुठला ते आधी सांगा. फोटॉन असेल तर कपाटातच राहू द्या, त्याला जागेची सवय झाली असेल.

पाऊसवेडी

नेटसेटर आहे! हसू नका, तेव्हा फार कौतुक होतं त्याचं.

निवृत्त तारमास्तर

पाऊसवेडी ताई, नेटसेटर घरीच ठेवा. तो थ्रीजीचा, आणि युरोपात थ्रीजी एकेक देश करत बंद होतंय. जर्मनीत तर ते २०२१ मध्येच बंद झालं. फोटॉनवाल्यांची गोष्टच वेगळी, ते सीडीएमए तंत्र होतं, त्यात दुसऱ्या कुणाचं सिम घालायची सोयच नव्हती.

नवा फोरजी डोंगल किंवा खिशातला वायफाय राउटर घ्यायचा विचार असेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, तो एखाद्या कंपनीला बांधलेला आहे का. आपल्याकडे कंपन्या स्वस्तात देतात ते बहुतेक त्यांच्याच सिमवर चालतात. दुसरी गोष्ट बँडची, म्हणजे सिग्नल ज्या लहरींच्या पट्ट्यांवर येतो त्यांची, आणि ती दुकानदार सांगत नाही. भारतात फोरजी मुख्यतः बँड ३, ५, ८, ४० आणि ४१ वर चालतं. युरोपात ३, ७ आणि २० महत्त्वाचे. यातला २० म्हणजे ८०० मेगाहर्ट्झ. खेड्यात, डोंगरात आणि जाड भिंतींच्या जुन्या इमारतींत तोच पोचतो. इथल्या बाजारासाठी बनवलेल्या डोंगलमध्ये ३, ५, ४० एवढेच असतील तर पॅरिसमध्ये बँड ३ वर गाडी चालेल, पण स्विस गावातल्या हॉटेलात एक कांडी दिसली तर नशीब. अमेरिकेचा प्रकार आणखी निराळा, तिथे २, ४, १२, १३, ६६, ७१ अशी मंडळी आहेत. म्हणून 'आंतरराष्ट्रीय' असं खोक्यावर छापलंय एवढ्यावर विसंबू नका, आत बँडची यादी असते ती वाचा.

तुमच्या कामाला मात्र डोंगलची गरजच दिसत नाही. फोनच मोडेम म्हणून वापरा. वायफाय हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी केबल लावून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला द्या. फोन चार्जही होत राहतो, आणि हॉटेलात पन्नास वायफायच्या गर्दीत तुमचा हॉटस्पॉट गुदमरत नाही. लॅपटॉप विंडोजचा असेल तर अँड्रॉइड फोन केबल लावताच ओळखला जातो. मॅकबुक असेल तर सहसा नाही ओळखत, तिथे वायफाय किंवा ब्लूटूथ.

पाऊसवेडी

विंडोज आहे काका. खूप धन्यवाद, डोंगलचा विषय संपला.

म्युनिकचा मावळा

इकडचं सांगतो. सगळ्यात स्वस्त डेटा हवा असेल तर स्थानिक प्रीपेड सिमला तोड नाही. युरोपीय संघातल्या कुठल्याही देशात घेतलेलं सिम १५ जून २०१७ पासून संघभर घरच्याच दरात चालतं, आणि तो नियम २०३२ पर्यंत वाढवलाय. नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन हे संघात नाहीत, पण या नियमात आहेत. म्हणजे पॅरिसमध्ये घेतलेलं सिम रोमला बिनघोर चालेल. फक्त बाहेरच्या देशासाठी डेटाची वेगळी, कमी मर्यादा असू शकते. पाकिटावर १०० जीबी लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात 'इतर देशांत इतकेच' असं असतं, ते बारीक अक्षर वाचायचं.

आता खरी मेख. स्वित्झर्लंड या नियमात नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनही नाही. काही फ्रेंच टुरिस्ट सिममध्ये कंपनी आपणहून स्वित्झर्लंड घालते, काहींत नाही. नसेल आणि बस सीमा ओलांडून गेली, तर प्रीपेडवरचा उरलेला बॅलन्स काही एमबीत फस्त होतो किंवा नेट सरळ बंद पडतं. गंमत बघा, तुमच्या यादीतल्या एवढ्याशा वाडुझमध्ये सिम चालेल आणि ल्युसर्नमध्ये नाही. वाडुझमध्येही फोन ऱ्हाइनपलीकडचा स्विस मनोरा पकडू शकतो, तेव्हा नेटवर्क आपोआप निवडू न देता हाताने निवडायचं. बासेल आणि जिनिव्हाला हाच खेळ उलट्या बाजूने चालतो.

निवृत्त तारमास्तर

अहो मावळे, सल्ला सोळा आणे खरा, पण ताई टूरबरोबर आहेत. बस आयफेल टॉवरपाशी थांबणार, फोटो होणार, शिट्टी वाजणार. सिमच्या दुकानात रांग लावायला वेळ कोण देणार? त्यात रविवार निघाला तर बरीचशी दुकानं बंद.

म्युनिकचा मावळा

मान्य काका. शिवाय ओळखपत्राचं लफडं आहेच. जर्मनीत १ जुलै २०१७ पासून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम सुरू होत नाही. सुपरमार्केटमधून सिम आणलं तरी मग व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट हलवून दाखवायचा, पत्ता द्यायचा. इटलीत 'कोदिचे फिस्काले' म्हणजे करक्रमांक मागतात. पर्यटकाकडे तो कुठून असणार, दुकानदारच पासपोर्टवरून काढून देतो, पण त्यात वेळ जातो. उलट ब्रिटनमध्ये कोपऱ्यावरच्या दुकानातून सिम उचला, कुणी काही विचारत नाही.

आणखी एक. इकडची सिम बऱ्याचदा चार आकडी पिनसकट येतात. आपल्याकडे सिमला पिन असतो हेच कुणाच्या गावी नसतं. पाकिटावरचा पिन फोनमध्ये टाकायचा आणि सेटिंगमध्ये जाऊन पिन मागणं बंद करायचं. तीनदा चुकला की पीयूके म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा आकडा मागतं. तो त्या मोठ्या कार्डावर छापलेला असतो, जे लोक सिम काढून घेतल्यावर कचऱ्यात टाकतात.

चकवा

नेटवर्कच्या धंद्यात आहे म्हणून थोडं लांब लिहितो. इथे सगळे किती जीबी आणि किती रुपये यावर बोलतायत. लॅपटॉपवर ऑफिसचं काम करणाऱ्याने आधी विचारायचा प्रश्न दुसराच आहे: माझा डेटा इंटरनेटवर कुठल्या देशातून बाहेर पडतो?

तिथलं स्थानिक सिम त्याच्या स्वतःच्या देशात वापरलं तर डेटा तिथल्या तिथे बाहेर पडतो. पण रोमिंगमध्ये बहुधा तसं होत नाही. पॅरिसचा मनोरा तुमचा डेटा उचलून सिम ज्या कंपनीचं आहे तिच्या देशात नेऊन सोडतो, आणि तो खऱ्या अर्थाने इंटरनेटवर येतो तिथून. म्हणजे भारतीय रोमिंग पॅकवर पॅरिसमध्ये बसून पॅरिसच्याच म्युझियमचं तिकीट काढलं तर ती विनंती भारतात येऊन परत फ्रान्सला जाते. पान उघडायला जरा वेळ लागतो तो यामुळे, तिथलं नेटवर्क वाईट असतं म्हणून नव्हे.

ताईंच्या बाबतीत हा तोटा उलट फायद्याचा आहे. त्यांचा सर्व्हर पुण्यात. डेटा नाहीतरी इकडेच यायचा आहे. शिवाय आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपला पत्ता, ज्यावरून देश कळतो) भारतीय दिसतो, म्हणून ऑफिसचं व्हीपीएन कुरकुरत नाही, बँक 'अनोळखी ठिकाणाहून लॉगिन' म्हणून दार लावत नाही. आपल्या सरकारी साइट्सपैकी कित्येक परदेशी आयपीवरून उघडतच नाहीत, त्याही उघडतात. जुलैच्या आसपास परदेशातून आयकराचं काम करायला बसलेल्यांना हे विचारा.

प्रवासी ईसिम विकणाऱ्या कंपन्यांचं तिसरंच. त्यांचं स्वतःचं नेटवर्क नसतं. कुठल्यातरी तिसऱ्या देशातल्या कंपनीकडून त्यांनी घाऊक डेटा घेतलेला असतो. तुम्ही असता रोममध्ये आणि आयपी दिसतो पोलंडचा किंवा हाँगकाँगचा. व्हॉट्सअॅपला काही फरक पडत नाही. ऑफिसच्या सुरक्षा विभागाला मात्र सकाळी पोलंड, दुपारी हॉटेलच्या वायफायवरून इटली असं दिसलं की खातं गोठवलं जातं, आणि ते उघडायला ओटीपी, फोन, आयटीकडे तक्रार हे सगळं आलंच. म्हणून निघण्याआधी आयटीला एक मेल टाका: अमुक तारखांना अमुक देशांत आहे.

ईसिम घेणारच असाल तर पॅकच्या वर्णनात दोन शब्द शोधा. एक हॉटस्पॉट किंवा टेदरिंग, दुसरा 'वाजवी वापर'. 'अमर्यादित' म्हणून विकलेल्या कितीतरी पॅकमध्ये फोनवर अमर्यादित आणि हॉटस्पॉटला रोजचा छोटा कोटा असतो, किंवा काही जीबीनंतर वेग इतका उतरतो की मीटिंगमध्ये तुमचा चेहरा गोठून राहतो. लॅपटॉपवाल्याने मोजून मिळणारा १० किंवा २० जीबीचा पॅक घ्यावा, अमर्यादितच्या मोहात पडू नये.

पाऊसवेडी

चकवा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. सगळे व्हिडिओ 'सगळ्यात स्वस्त ईसिम'वरच अडकलेले.

दर्यावर्दी

चकवा +१. मी बोटीवर असतो, आमचा हा रोजचा उद्योग. चीनमध्ये तिथलं सिम घेतलं की गूगल, व्हॉट्सअॅप सगळं बंद. बाहेरच्या देशाचं रोमिंग सिम त्याच फोनमध्ये घाला, चालतं, कारण डेटा चीनच्या भिंतीच्या आत उघडतच नाही. दुबईत स्थानिक सिमवर व्हॉट्सअॅपचा मेसेज जातो पण कॉल लागत नाही, ते ठाऊक असलेलं बरं.

अवांतर: क्रूझवर जाणाऱ्यांनी बोट बंदर सोडायच्या आत फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. बोटीवर उपग्रहाला जोडलेला स्वतःचा मनोरा असतो, फोन त्याला चिकटतो, आणि तो कुठल्याही देशाच्या पॅकमध्ये धरलेला नसतो.

सदाफुली

माझा अगदी बाळबोध प्रश्न. ईसिमवाले म्हणतात डेटा रोमिंग चालू करा, आणि मुलगा बजावतो की आई, डेटा रोमिंगला हात लावायचा नाही. कुणाचं ऐकू?

चकवा

दोघांचंही, काकू. फोनमध्ये दोन सिम असली की डेटा रोमिंगचं बटण प्रत्येक सिमचं वेगळं असतं. भारतीय सिमचं बंद, ईसिमचं चालू. प्रवासी ईसिम कायम रोमिंगमध्येच असतं, त्यामुळे ते चालू केल्याशिवाय एक पानही उघडणार नाही. 'मोबाइल डेटासाठी कुठलं सिम' तिथे ईसिम निवडा, आणि त्याखाली 'गरज पडल्यास दुसरं सिम वापर' असं काही असेल तर तेही बंद करा. त्या एका बटणानेच पैसे जातात.

निवृत्त तारमास्तर

ओटीपीबद्दल कुणी बोललं नाही. भारतीय सिम फोनमध्ये राहू द्यायचं ते त्यासाठीच. बहुतेक भारतीय कंपन्यांत रोमिंगवर येणारा एसएमएस फुकट असतो, पण त्यासाठी आंतरराष्ट्रीय रोमिंग आधी चालू करून घ्यायला हवं, आणि साध्या रिचार्जची मुदत प्रवासात संपता कामा नये. २८ दिवसांचा पॅक कधी संपतो ते तिकिटाच्या तारखांशी ताडून पहा. मुदत संपली की काही दिवसांनी येणारे एसएमएसही थांबतात, आणि मग पैसे आपले असून कार्ड चालत नाही.

भारतीय सिम ईसिममध्ये बदलून घ्यायचं असेल तर निघायच्या आदल्या रात्री तो उद्योग करू नका. सिम बदललं की सुरक्षेसाठी सुरुवातीचे २४ तास एसएमएस अडवलेले असतात.

इंद्रायणी तोक्योत

ताईंच्या मार्गात जपान नाही, पण धागा पुढे कुणाला उपयोगी पडेल म्हणून. इथे पर्यटकाला सहसा फक्त डेटाचं सिम मिळतं, बोलण्याचा नंबर हवा तर रहिवासी कार्ड लागतं. लॅपटॉप आणि तीन-चार माणसं असतील तर विमानतळावर भाड्याने मिळणारा पॉकेट वायफाय उत्तम. नारिता, हानेदा, कान्साई तिन्हीकडे काउंटर आहेत. परत जाताना काउंटरवर द्या किंवा सोबत मिळालेल्या पाकिटात घालून टपालपेटीत टाका. फक्त एकच डबी असल्यामुळे आई-बाबा एका दुकानात आणि तुम्ही दुसऱ्यात गेलात की नेट कुणाकडे यावरून वाद.

घाटावरचा

हॉटेलचं वायफाय असताना एवढा खटाटोप कशाला? आम्ही तर कुठे काही घेतलं नाही.

पाऊसवेडी

टूरची हॉटेलं शहराबाहेर असतात, आणि पहाटे सहाला लॉबीत बसून व्हीपीएन जोडायचं धाडस नाही. ते नाव-खोली क्रमांक विचारणारं पान आलं की ऑफिसचा लॅपटॉप कित्येकदा तिथेच अडकतो.

चकवा

अडकतो कारण व्हीपीएन आधी सुरू व्हायला बघतं आणि हॉटेलचं पान उघडूच देत नाही. फोनवर साइन इन करून फायदा नाही, प्रत्येक उपकरणाचं वेगळं असतं. पण मोठ्या फायली उतरवायला हॉटेलचं वायफायच वापरा, मीटिंग तेवढी स्वतःच्या डेटावर.

डेटाचा अंदाज: तासाभराची व्हिडिओ मीटिंग साधारण १ जीबी. कॅमेरा बंद, नुसता आवाज असेल तर १०० एमबीच्या आत. म्हणजे मीटिंग तुम्हाला बुडवत नाही, लॅपटॉपच बुडवतो. फोन वायफाय नाही हे ओळखून हात आखडता घेतो. लॅपटॉपला मात्र तुमचा हॉटस्पॉट म्हणजे घरचंच वायफाय वाटतं, आणि तो मोकळ्या रानात सोडलेल्या बैलासारखा चरायला लागतो. विंडोज अपडेट, वनड्राइव्ह, फोटोंचा बॅकअप, अँटिव्हायरस, सगळे एकदम. म्हणून घरी असतानाच फोन लॅपटॉपला जोडा, त्या कनेक्शनच्या गुणधर्मांत जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे इथे डेटा मोजून आहे, जपून वापर) चालू करा. केबलचं वेगळं, वायफायचं वेगळं, दोन्हीकडे करा. वनड्राइव्हचं सिंक हाताने थांबवा. मॅकवाल्यांना वायफायच्या सेटिंगमध्ये 'लो डेटा मोड' मिळेल.

टिवल्या

आणि ऑफिसची परवानगी? टुरिस्ट व्हिसावर काम, करबिर... एचआरला विचारलंय ना?

पाऊसवेडी

साहेबांची आहे, एचआरला लेखी विचारते. चांगली आठवण केलीत.

तर ठरवलं ते असं. माझ्यासाठी भारतीय कंपनीचा प्रीपेड रोमिंग पॅक, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली तिन्ही नावं यादीत असलेला. वाडुझला तासभर नेट नसलं तरी जग बुडत नाही. डेटा लॅपटॉपपुरता. बाबांच्या फोनला युरोपचं १० जीबीचं ईसिम, स्वित्झर्लंडसकट, म्हणजे नकाशे, व्हॉट्सअॅप आणि आईचे फोटो त्यावर. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर काम भागेल.

फक्त एक शंका राहिली. बाबांचं ईसिम फोनमध्ये इथेच टाकून घ्यायचं की तिथे उतरल्यावर?

चकवा

इथेच, घरच्या वायफायवर. ईसिम उतरवायलाच इंटरनेट लागतं, पॅरिसच्या विमानतळावर ते शोधत बसाल. पण विकत घेताना मुदत कधीपासून मोजतात ते पहा. काहींची टाकल्या क्षणापासून सुरू होते, काहींची तिथल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यावर. दुसऱ्या प्रकारचं घ्या. आणि क्यूआर कोड बाबांच्याच फोनवर मेल करू नका. तो सहसा दुसऱ्या पडद्यावरून स्कॅन करावा लागतो, लॅपटॉपवर उघडा.

म्युनिकचा मावळा

आणि एकदा टाकलेलं ईसिम काहीही झालं तरी डिलीट करायचं नाही हे बाबांना आत्ताच सांगून ठेवा. नेट चाललं नाही की लोक पहिलं तेच करतात. बरेच क्यूआर एकदाच चालतात. आधी फोन बंद-चालू, मग डेटा रोमिंगचं बटण, मग एपीएन (नेट जोडण्यासाठीचं सेटिंगमधलं नाव) कंपनीने कळवलंय तेच आहे का ते बघायचं.

सदाफुली

मुलाला हा धागा पाठवला. म्हणाला, बटणं मी लावून देतो, तू फक्त हात लावू नकोस.